घराच्या खिडक्या आणि त्यांचे पडदे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहीजणींना गंमत वाटली असेल. बायकांनी पडद्यातून बाहेर यावे म्हणून ज्या पिढीने बोलणी खाल्ली, तिचे ऋण मानणारे आपले हे मंडळ. आणि त्याच्याच व्यासपीठावरून घराला पडदा कोणता लावावा हे सांगायला मी उभी राहिले आहे! पण तो पडदा बाईवर होता आणि हा खिडकीवर आहे. तो दुसऱ्याने लादलेला होता, हा आपण आपल्या हाताने निवडायचा आहे. आणि निवडायचाच आहे तर डोळसपणाने निवडावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

खिडकी ही आपल्याकडे काही नवी वस्तू नाही. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. त्या लेण्याच्या शिलालेखात भिक्षूंच्या त्या निवासाचे वर्णन आहे आणि त्यात गवाक्षांचा आवर्जून उल्लेख आहे. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. आपल्या पूर्वजांनी खिडकीला डोळा म्हटले. मग डोळ्याला जशी पापणी, तसा खिडकीला पडदा. पापणी काही डोळा कायमचा मिटून ठेवण्यासाठी नसते. धूळ आली, ऊन आले, झोप आली की मिटते आणि काम सरले की उघडते. जो पडदा असा मिटतो आणि उघडतो तो चांगला. जो एकदा टांगला की वर्षभर हलत नाही, तो कितीही किमती असला तरी त्याने खिडकी बुजवलीच म्हणायची.

आपल्या आज्यांच्या घरांना पडद्याचा प्रश्न फारसा पडलाच नाही. वऱ्हाडातली ती धाब्याची घरे आठवा. मातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचे धाबे, भिंतीत लहानसा झरोका. उन्हाळ्यात आत गारवा असे हे खरे. पण माजघर इतके अंधारे, की भर दुपारी धान्य निवडायला बाईला ओसरीवर यावे लागे. उजेड पुरुषांच्या बैठकीला आणि अंधार बायकांच्या वाट्याला, अशी ती वाटणी होती. आज सिमेंटची घरे आली, स्वयंपाकघरालाही चार फुटांची खिडकी आली, ही बाईची मोठीच मिळकत आहे. पण तिच्याबरोबर ऊनही आले. भिंती पातळ झाल्या, वर काँक्रीटचा स्लॅब आला आणि खिडकीला लाकडी झडपेऐवजी सरकती काच आली. आपण जुन्या हिशेबाने बालाघाटचे लोक, खालच्या पयानघाटातल्या अकोल्यापेक्षा उंचावर राहणारे, म्हणून आपला पारा अकोल्याइतका चढत नाही असे आपण म्हणतो. पण मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खोलीत बाळंतीण किंवा म्हातारे माणूस निजलेले असेल, तर त्या समाधानाचा काही उपयोग होत नाही.

तेव्हा दुकानात जाऊन ‘कापड दाखवा’ म्हणण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक खिडकीला तीन प्रश्न विचारावे. तुझे तोंड कोणत्या दिशेला? तुझ्यातून ऊन केव्हा येते? आणि त्या वेळी तुझ्या खोलीत कोण असते?

दिशेचा हिशेब आपल्या गावापुरता सांगते. आपण साधारण २० अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन येतच नाही. त्या खिडकीवर नुसता दीड फुटाचा छज्जा असला, तरी मार्चच्या अखेरीस दुपारी चार फूट उंचीची पूर्ण खिडकी सावलीत जाते. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा तोच छज्जा वरची दीड फूट खिडकी तेवढी झाकतो आणि खालून कोवळे ऊन घरात येते. ते आपल्याला हवेच असते. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असेल, तर तिच्या पडद्यावर फार पैसा घालू नये. साधा सुती पडदा पुरे.

खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य इतका उतरलेला असतो, की तोच दीड फुटाचा छज्जा जेमतेम फूट-सव्वा फूट सावली देतो आणि पाच वाजता पाऊण फूटही देत नाही. ऊन सरळ आडवे आत शिरते. पूर्वेच्या खिडकीचे तसेच, पण सकाळी, आणि तेव्हा हवा तापलेली नसते. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असे आपण धरून चालतो. पण उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो आणि वायव्येकडे सरकून मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपी तिरीप तिलाही लागते. एक आठवडा वहीत टिपून ठेवा: कोणत्या खिडकीत किती वाजता ऊन आले आणि किती वाजता गेले. दुकानदाराच्या नमुन्यांच्या पुस्तकापेक्षा ती वही जास्त शहाणपण शिकवील.

आता मुख्य गोष्ट सांगते. ऊन अडवायचे असेल तर ते काचेच्या बाहेर अडवावे. काचेचा गुण असा, की ती उन्हाला आत येऊ देते. पण त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंतून जी ऊब निघते, तिला तशी परत बाहेर जाऊ देत नाही. काचा लावून उन्हात उभी केलेली मोटार आत किती तापते हे आपण जाणतो. खिडकीच्या आतून आपण जाड पडदा ओढतो, तेव्हा ऊन काच ओलांडून आलेले असते. तो पडदा तापतो आणि खोलीतच ऊब सोडतो. डोळ्यांना अंधार वाटतो म्हणून आपल्याला गारवा झाल्यासारखे वाटते इतकेच. तोच आडोसा काचेच्या बाहेर असेल, तर तापायचे ते बाहेर तापते आणि वारा ती ऊब घेऊन जातो. म्हणून माझे सांगणे असे, की ज्या घरात एकाच खिडकीवर खर्च करण्याची ऐपत आहे, तिने तो पश्चिमेच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला करावा. दिवाणखान्याचा शोभेचा पडदा पुढच्या वर्षी.

बाहेरच्या बाजूला लावायला आपल्याकडची सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा. तो ऊन अडवतो, वारा येऊ देतो. आतून बाहेरचे दिसते. पण दिवसा बाहेरून आतले फारसे दिसत नाही. रात्री दिवा लागला की मात्र उलट होते, हे ध्यानात ठेवावे आणि आतून एक पातळ सुती पडदा असू द्यावा. बाजारच्या दिवशी ज्या बुरडांकडून आपण सुपे आणि टोपल्या घेतो, त्यांना माप दिले तर अनेकजण असा पडदा किंवा साधा तट्टा करून देतील. कामट्या करण्यापूर्वी बांबू पाण्यात भिजत ठेवला होता का, हे विचारावे. भिजवल्याने त्यातला किडीला आवडणारा अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. २०१७ साली कायद्यात बदल होऊन वनाबाहेर, म्हणजे शेतात लावलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू आपल्याच खिडकीवर यावा, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. मेळघाटात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या कामातून लोकांच्या हाताला काम कसे देता येते, हे दाखवून दिले आहे.

चिकाचा पडदा टांगताना छज्ज्याला खालून दोन आकडे मारावे आणि तळाशीही दोन कड्या ठेवून तो बांधावा. नाहीतर मे महिन्यातला वादळी वारा तो शेजारच्या अंगणात नेऊन टाकील. घर भाड्याचे असेल, तर घरमालकाला विचारून मगच भोक पाडावे, किंवा खिडकीच्या गजांना बाहेरून तारेने अडकवावा. मृगाचे ढग दिसू लागले की पडदा उतरवून, झटकून, उन्हात वाळवून, गुंडाळून उंच जागी ठेवावा. पावसात तसाच टांगून ठेवला तर बुरशी येते आणि दोन उन्हाळ्यांत त्याचा कारभार आटोपतो.

वाळ्याच्या ताट्यांची आठवण आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना असेल. ओल्या ताटीतून येणारा वारा गार असतो, कारण पाणी वाळताना उष्णता शोषून घेते. हवा कोरडी असते तेव्हाच, म्हणजे मार्च ते मे, तिचा गुण येतो. पावसाळ्यात ओली ताटी म्हणजे नुसता दमटपणा. याच ताटीला पंखा आणि पाण्याचा पंप जोडला की तो आपला विदर्भाचा कूलर! आणि कूलरमुळे पडद्याचा एक नवा घोटाळा झाला आहे. कूलर एका खिडकीतून जेवढी हवा आत ढकलतो, तेवढी हवा दुसरीकडून बाहेर जायला वाट हवी. पुष्कळ घरांत कूलर सुरू झाला की उरलेल्या खिडक्या बंद करून वर जाड पडदे ओढतात. मग तासाभरात अंग चिकचिकते, अंथरूण दमट होते आणि दोष कूलरला मिळतो. समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवा आणि तिच्याबाहेर चिकाचा पडदा सोडा. ऊन अडेल आणि हवा निघून जाईल. गुंडाळीच्या कापडी पडद्याने हे साधत नाही.

आता बाजारात ज्यांना ब्लाइंड्स म्हणतात त्या नव्या तऱ्हांविषयी. गुंडाळीचा पडदा, म्हणजे रोलर, दिसायला नेटका, जागा थोडी घेतो आणि सरळ ओल्या फडक्याने पुसता येतो. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ तो चांगला, कारण हवा तेवढाच खाली ओढता येतो. आडव्या पट्ट्यांचा, ज्याला व्हेनेशियन म्हणतात, त्याचा गुण मोठा आहे. पट्ट्या तिरप्या केल्या की ऊन छताकडे वळते आणि खोलीत मऊ उजेड पसरतो. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिली असत, त्याच जातीचा हा. पण घेण्यापूर्वी एक गणित करा. चार फूट उंचीच्या खिडकीला एक इंची पट्ट्या पन्नासाहून अधिक लागतात. आपल्याकडे काळ्या मातीचा फुफाटा, वर रस्त्याची धूळ. आठवड्यातून एकदा पन्नास पट्ट्या, दोन्ही बाजूंनी, अशा चार खिडक्या कोण पुसणार? दुकानात पसंत करणारे आणि घरी पुसणारे हात पुष्कळदा वेगळे असतात. जे हात पुसणार, त्यांचे मत आधी घ्यावे. रुंद दोन इंची पट्ट्या घेतल्या तर काम जवळजवळ निम्मे होते. उभ्या पट्ट्यांवर धूळ कमी बसते. पण वाऱ्याने त्या खडखडतात आणि कूलरसमोर तर फारच.

या पडद्यांसंबंधी एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते, कारण येथे प्रश्न मुलाच्या जिवाचा आहे. ब्लाइंड वरखाली करण्याची जी दोरी किंवा मण्यांची माळ खाली लोंबते, तिचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकून परदेशांत अनेक मुले दगावली आहेत. म्हणून युरोपात २०१४ साली नियम कडक झाले आणि अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे, किंवा दोरी मुलाच्या हाती न लागेल असे असावेत, असा दंडक लागू झाला. आपण तेवढे शहाणपण घरातच करू शकतो. रांगते मूल असलेल्या घरात बिनदोरीचा पडदा मागावा. दोरी असलीच तर भिंतीवर उंच खुंटीला गुंडाळून ठेवावी, माळ असेल तर ती ताणून भिंतीला पक्की बसवून घ्यावी आणि खिडकीखाली पाळणा, खाट किंवा खुर्ची ठेवू नये. चिकाच्या पडद्याच्या दोरीलाही हेच लागू.

स्वयंपाकघराच्या खिडकीला शेगडीजवळ लोंबता कापडी पडदा अजिबात नको, आणि जुन्या नायलॉनच्या साडीचा तर नकोच नको. तो पेट घेतो आणि वितळून अंगाला चिकटतो. तेथे डासांची जाळी, ती दर पंधरा दिवसांनी धुवावी, आणि ऊन येत असेल तर बाहेरून चिकाचा पडदा. फोडणीचा धूर बाहेर जाण्याची वाट आपणच बंद करू नये. निजायच्या खोलीत काळपट जाड पडद्यामागे दिवसा डास दडून बसतात, म्हणून रोज सकाळी पडदे झटकून उघडावे.

कापडी पडदा शिवणाऱ्या भगिनींसाठी थोडा हिशेब. आपण कापसाच्या मुलखातल्या. सुती कापड आपल्या हवेला मानवते आणि घरी धुता येते. पण सूत पहिल्या धुण्याला आटते, म्हणून कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून, वाळवून घ्यावे. समजा खिडकी चार फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. दांडी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त, म्हणजे ५४ इंच धरा. चुण्या नीट पडायला कापड पावणेदोन पट लागते, म्हणजे साधारण ९५ इंच. ४८ इंच पन्ह्याचे दोन पन्हे झाले ९६ इंच, म्हणजे दोन भागांचा पडदा बरोबर बसतो. उंचीला वर-खाली सहा-सहा इंच मिळून ६० इंच, दुमड आणि दांडीची जागा आठ इंच, आटण्यासाठी तीन-चार इंच, असे ७२ इंच. दोन भागांना १४४ इंच, म्हणजे पावणेचार मीटर कापड पुरते. आतून रंग कोणताही आवडीचा घ्यावा. पण काचेकडे पांढरे किंवा फिके अस्तर लावावे. पांढरा रंग पुष्कळसे ऊन परत फेकतो, गडद रंग ते पिऊन घेतो. शिवाय अस्तराने वरचा रंग लवकर विटत नाही.

ब्लाइंडचे माप चौकटीच्या आत बसवायचे असेल, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी भरेल ती द्यावी. जुन्या काय आणि नव्या काय, आपल्याकडच्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात! बाहेरून बसवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त द्यावे. एवढे सांभाळले की परत फेऱ्या पडत नाहीत.

आणि पडदा नुसता लावून भागत नाही, तो वेळेवर हलवावा लागतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेचे पडदे सोडावे, दुपारी पश्चिमेचे. सूर्य मावळून बाहेरची हवा निवली की सगळे गुंडाळून खिडक्या सताड उघडाव्या, म्हणजे दिवसभर तापलेल्या स्लॅबची ऊब रात्री निघून जाते. उन्हाळ्यातल्या रात्री पडदे ओढून बसणारे घर दुसऱ्या दिवशी पहाटेपासूनच तापलेले असते. रात्री आडोसा हवा असेल, तर खिडकीच्या खालच्या निम्म्या भागालाच पडदा ठेवावा आणि वरचा भाग मोकळा सोडावा. लाजही राखली जाते आणि वाराही येतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. ज्या घरांवर पत्रे आहेत, त्या घरांचा उन्हाळा नुसत्या पडद्याने निभत नाही हे मला ठाऊक आहे. पण पश्चिमेच्या दाराखिडकीवर बाहेरून एक तट्टा आला, तर निजलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचे ऊन तरी टळते. होळीच्या आधी आपण सभासदांची मापे एकत्र करून गावातल्या बुरड कारागिरांना एकगठ्ठा काम द्यावे. त्यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी हातात पैसा मिळेल आणि आपल्याला वस्तू चोख मिळेल. त्यातच दोन-चार पडदे जास्तीचे करवून आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीला द्यावे. अंगणवाडी बहुधा सकाळी भरते, तेव्हा तेथे आधी पूर्वेची खिडकी पाहावी. आणि जिच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि ऐपत नाही, अशा प्रत्येक घराला पश्चिमेसाठी एक पडदा मंडळाने द्यावा. वर्धापनदिनाच्या हारतुऱ्यांचा खर्च थोडा आवरला तर हे सहज जमण्यासारखे आहे.

भगिनींनो, घरात बसायला चांगली जागा कोणती, उजेड कुठून घ्यावा आणि ऊन कुठे अडवावे, हे ठरवण्याचा मान बाईला उशिरा मिळाला आहे. तो दुकानदाराच्या नाहीतर शेजारणीच्या हौशीवर सोपवू नये. आपली खिडकी आपण ओळखावी आणि तिच्या जोगा पडदा निवडावा.